ज्युनियर कॉलेजला शनिवार सुट्टी? सिनियरच्याच कॅम्पसमध्ये ज्यांची मुलं आहेत त्यांनी सांगा

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांसारखंच हे पण, म्हणजे एकच कंपाउंड, पुढच्या बिल्डिंगीत सिनियर कॉलेज, मागे ज्युनियर, पार्किंग एक, कँटीन एक, प्राचार्य एक आणि ज्युनियरला वेगळे उपप्राचार्य. कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. गेल्या आठवड्यात पालक मेळावा झाला त्यात सांगितलं की पुढच्या वर्षापासून अकरावी बारावीला पाच दिवसांचा आठवडा करायचा विचार चालू आहे, शनिवार बंद. आणि जमलं तर पुढे बुधवारीही फक्त सकाळचे दोन तास घेऊन बाकी वेळ "सेल्फ स्टडी", मुलांनी लायब्ररीत बसायचं, सिनियरच्या प्राध्यापकांची लेक्चरं ऐकायची वगैरे. एक सर तर म्हणले अमेरिकेत कॉलेजच्या आवारात ज्या हायस्कूल असतात त्यांना असा कमी वेळ चालतो, कायद्यातच तशी सवलत आहे, आपण पण त्या दिशेने जायला पाहिजे.

ऐकायला भारी वाटलं. टाळ्या पण पडल्या. पण घरी आल्यावर बायकोनं एकच विचारलं, शनिवारी ही पोरगी करणार काय? मला उत्तर देता आलं नाही. नळाला पाणी आलं तर भरायला एक माणूस घरी असेल हा फायदा सोडला तर मला तरी काही सुचेना.

तर विचारायचं असं की एक, असं करता येतं का, म्हणजे कॉलेज आपल्या आपण ठरवू शकतं का? दोन, अमेरिकेचं जे सांगितलं ते खरं आहे का? आणि तीन, तुमच्यापैकी कोणी शिकवत असेल किंवा कोणाची मुलं अशा कॉलेजात असतील तर खरं काय होईल ते सांगा. पुस्तकी नको.

ब्युरेट_पिपेट

ज्युनियरला केमिस्ट्री शिकवतो, सोलापुरातच, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो.

आधी हिशोब बघा. आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार आठ तास आणि शनिवारी पाच, असे ४५ तास होतात, एक तास ४० मिनिटांचा. शनिवार काढला तर ते पाच तास बाकीच्या पाच दिवसांत एकेक करून घालायचे, म्हणजे रोज ४० मिनिटं जास्त. कागदावर किती सोपं आहे बघा. पण आमचं ज्युनियर सकाळी सात वीसला चालू होतं आणि पावणेएकला सुटतं आणि एक वाजता त्याच वर्गात सिनियरचा एफवाय येऊन बसतो. ते ४० मिनिटं कुठं घालणार? सकाळी पावणेसातला चालू करणार का? डिसेंबरमध्ये पावणेसातसाठी घरातून निघायचं तेव्हा होटगी रोडला अजून अंधार असतो साहेब.

दुसरं म्हणजे शनिवार हा आमच्याकडे प्रॅक्टिकलचा दिवस. कारण बाकी दिवशी आमची लॅब पण सिनियरला लागते. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या. ब्युरेट धुवायची, भरायची, बुडबुडा काढायचा, पायलट रीडिंग घ्यायचं, मग तीन रीडिंग सारखी येईपर्यंत करत बसायचं. पहिल्यांदा करणारी पोरं गुलाबी रंग यायच्या ऐवजी पार जांभळं करून ठेवतात, परत पहिल्यापासून. जोडतास म्हणजे ८० मिनिटं लागतातच, त्यात एका बॅचला वीस पोरं आणि चालू ब्युरेट चौदा. बारावीला केमिस्ट्रीत ७० मार्क लेखी आणि ३० प्रॅक्टिकलचे, फिजिक्स बायोलाही तसंच. हे ३० मार्क सगळ्यांना २८, २९ पडतात म्हणून कोणी मनावर घेत नाही, पण पुढे बीएस्सीला आली की ह्याच पोरांना पिपेट कशी धरायची ते आम्हालाच परत शिकवावं लागतं. (मी सिनियरला पण काही तास घेतो म्हणून माहिती.)

तेव्हा शनिवार काढणार असाल तर आधी लॅबचं सांगा. सिनियरची लॅब आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. डिजिटल काटा आहे, पीएच मीटर आहे. किल्ली वेगळ्या माणसाकडे आणि ज्युनियरच्या पोरांना आत सोडायचं नाही असा अलिखित नियम. ते कुलूप उघडलं तर मी स्वतः शनिवार सुट्टीच्या बाजूने बोलेन, कारण मग बुधवारी दुपारी तीन तास सलग प्रॅक्टिकल घेता येईल आणि ते आत्ताच्या तुकड्या तुकड्यापेक्षा किती तरी चांगलं.

अशोक_चौक_बॉइज

सर बरोबर बोलालाव पण एक गोष्ट सांगू का, राग मानू नका. पोरं आत्ता तरी कुठं यालेत कॉलेजला? मी बारावी होऊन चार पाच वर्षं झाली. आमच्या वर्गात नावं १२०, बाकावर कधी चाळीस पण नव्हती. सगळी क्लासला. सकाळी सातला क्लास, दुपारी क्लास, टेस्ट सिरीज, आणि कॉलेजात फक्त फॉर्म भरायला आणि जर्नलवर सही घ्यायला. ते पण जर्नल एकाचं बघून सगळ्यांनी लिवलेलं, आमच्या एका मित्राने तर रीडिंग सोडा, नाव पण दुसऱ्याचंच लिवून आणलेलं 😂

सरकारने २०१८ ला बायोमेट्रिक हजेरी काढली होती की सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांना, हेच क्लासवाल्यांशी साटंलोटं बंद करायला. काय झालं? मशीन आली, चार दिवस अंगठे लावले, मग मशीन बंद पडली ती पडलीच.

तर माझं म्हणणं शनिवार सुट्टी दिली काय न दिली काय, शनिवारी पोरगी क्लासला जाणार. क्लासवाले तर वाटच बघालेत. पूर्ण दिवस मिळाला की सकाळी आठ ते रात्री आठ "वीकेंड क्रॅश बॅच" निघणार बघा आणि फी वेगळी. काका, तुमच्या बायकोला हे उत्तर सांगा.

सॅनहोजेचा_सोलापुरी

मूळचा साखर पेठेतला, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. पोरगा इथल्या अशाच एका कॉलेजच्या आवारातल्या हायस्कूलमधून बाहेर पडला, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. ते सर बोलले ते खरं आहे पण अर्धं.

इथं ह्यांना मिडल कॉलेज किंवा अर्ली कॉलेज हायस्कूल म्हणतात. सुरुवात न्यूयॉर्कला झाली, १९७४ ला लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात. आणि ती हुशार पोरांसाठी नव्हती बरं का, डोकं आहे पण शाळा सोडायच्या बेतात आहेत अशा पोरांसाठी होती. त्यांना शाळेच्या वातावरणातून उचलून कॉलेजच्या वातावरणात ठेवलं तर टिकतील असा विचार. नंतर २००२ पासून गेट्स फाउंडेशनने पैसा घातला, तेव्हा अर्ली कॉलेज हा प्रकार देशभर पसरला.

आता वेळेचं. कॅलिफोर्नियात हायस्कूलचा दिवस कमीत कमी २४० मिनिटांचा लागतो. अर्ली आणि मिडल कॉलेजच्या पोरांना तो १८० मिनिटांचा चालतो. म्हणजे रोजचा एक तास सूट. पण (आणि हा पण महत्त्वाचा) ही सूट त्या पोराने कॉलेजचे कोर्स घेतले असतील तरच. म्हणजे पोरगा शाळेत एक तास कमी बसला तर तो एक तास शेजारच्या बिल्डिंगीत कॉलेजच्या वर्गात बसलेला असतो, मोठ्या मुलांच्या बरोबर, आणि त्याचं क्रेडिट (म्हणजे पुढे डिग्रीत धरला जाणारा हिशोब) त्याच्या नावावर जमा होतं. माझ्या पोराने बारावी संपेपर्यंत कॉलेजचे बरेच कोर्स उरकलेले, पुढे त्याचा जवळजवळ एक टर्म वाचला. फी पण नाही लागली. इथं कम्युनिटी कॉलेजला एका युनिटला ४६ डॉलर घेतात, शाळेतल्या पोरांना ती माफ करतात.

आठवडा लहान का वाटतो ते पण सांगतो. इथल्या कॉलेजचे वर्ग सोमवार-बुधवार नाहीतर मंगळवार-गुरुवार असे जोडीने असतात, शुक्रवारी कॅम्पस ओस. शाळा आपले तास त्या भोवती बसवते. त्यामुळे पोरगा एखाद्या दिवशी अकरालाच मोकळा दिसायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत घरी नाही. आमच्या आईला (ती तेव्हा इथं आलेली) वाटायचं हा शाळा बुडवतोय, रोज विचारायची "आज काय सुट्टी हाय का रं?"

आणि हो, इथं शनिवार रविवार सुट्टी आधीपासूनच आहे. तुमचा पाच दिवसांचा आठवडा म्हणजे इथला नेहमीचा. इथं "लहान आठवडा" म्हणजे चार दिवस, तो वेगळाच विषय, खेड्यातल्या शाळा-जिल्ह्यांत (इथं शाळा चालवणारं स्थानिक मंडळ) शिक्षक टिकत नाहीत आणि बसचा खर्च परवडत नाही म्हणून करतात. त्यावर रँड नावाच्या संस्थेने २०२१ ला ओक्लाहोमा, मिसुरी, न्यू मेक्सिको ह्या राज्यांत अभ्यास केला, आईबाप आणि पोरं खूश होती पण पैसा फार काही वाचला नाही आणि वर्षं जातील तशी अभ्यासातली प्रगती पाच दिवसवाल्यांपेक्षा थोडी मागे पडत गेली. मिसुरीने तर २०२४ ला कायदाच केला की मोठ्या शहरांतल्या शाळा-जिल्ह्यांनी चार दिवस करायचे तर आधी लोकांचं मत घ्या. तेव्हा तुमच्या सरांनी दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या असं मला वाटतं.

जुळे_सोलापूरकर

दादा, लई आभार, हे मेळाव्यात कोणीच सांगितलं नाही. म्हणजे तिकडं तास कमी होत नाहीत, तास शेजारी सरकतात. आमच्याकडे शेजारी काय आहे? मुलीला विचारलं तू सिनियरच्या लायब्ररीत कधी गेलीस का, तर म्हणाली आमचं कार्ड तिथं चालत नाही, आम्हाला वेगळं कपाट आहे, त्यात नवनीत आणि जुने प्रश्नसंच. एका आवारात राहून ही गत.

@अशोक_चौक_बॉइज तुझं उत्तर बायकोला वाचून दाखवलं, म्हणाली पोरगं खरं बोलतंय.

मंद्रूपची_आई

तुम्ही सगळे शहरातले म्हणून एक गोष्ट तुमच्या ध्यानात येत नाही. माझ्या दोन मुली रोज मंद्रूपहून एसटीने सोलापूरला येतात. एक बारावी कॉमर्स, एक अकरावी आर्ट्स. सकाळी साडेपाचला उठून डबा, मग गाडी. ब्युरेट सर म्हणतात तसं रोज ४० मिनिटं वाढली तर दुपारची जी गाडी आहे ती चुकणार आणि त्याच्या नंतरची गाडी कधी येते कधी येत नाही, आली तर गच्च भरलेली. पोरी चार चार वाजेपर्यंत स्टँडवर उभ्या राहणार. एक दिवस सुट्टी मिळाली म्हणून पाच दिवस उशीर, हा सौदा मला तरी परवडत नाही.

पास तेवढा मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, ते चांगलंच आहे, त्याच्यामुळेच तर पाठवू शकले. मुलांना तेहतीस टक्के भरावे लागतात. पण पास फुकट असला म्हणून गाडी येत नाही ना.

आणि दुसरं बोलायचं नव्हतं पण बोलते. खेड्यात पोरगी घरी दिसली की काम दिसतं. शनिवारी घरी राहिली तर "सेल्फ स्टडी" वगैरे काही होत नाही, तुरीला जायचं असतं, कांदा काढायचा असतो, सासू म्हणते बस झालं पुस्तक. आमच्या शेजारणीच्या लेकीचं तर दहावीनंतर हेच झालं, आज सुट्टी, उद्या सुट्टी करत करत कॉलेज सुटलं आणि मग स्थळं बघायला लागले. कॉलेज चालू असलं की निदान सांगता येतं, आज तास आहे, जायला लागतंय.

तुम्हाला शनिवार बंद करायचाच असेल तर करा पण तो दिवस कागदावर "कॉलेज चालू" असा राहू द्या. लायब्ररी उघडी ठेवा, एक मॅडम बसवा, हजेरी घ्या. आमच्या मुली येतील. शहरातल्या नाही आल्या तरी चालेल.

तासिकावाली

मंद्रूपच्या ताईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं, मी पण तशीच एसटीने शिकले, वळसंगहून.

मी तासिका तत्त्वावर शिकवते, इंग्रजी, दोन कॉलेजांत मिळून. ह्या चर्चेत आमचा विषय कोणी काढत नाही म्हणून मीच काढते. पर्मनंट सरांना आठवडा पाच दिवसांचा झाला तर पगार तोच. आम्हाला तासावर पैसे. तास ४५ चे ४५ राहिले तर प्रश्न नाही, पण मेळाव्यात "सेल्फ स्टडी" हा शब्द निघाला ना, तो ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो, कारण सेल्फ स्टडीचा तास म्हणजे कोणाच्या तरी नावावरचा तास कमी झालेला. आणि तो पहिल्यांदा भाषेचाच कमी होतो, फिजिक्सचा कधीच नाही. आज चार तास इंग्रजी आहे त्याचे तीन होतील, म्हणतील मुलं घरी वाचतील. निबंध घरी वाचून येत नाही हो. अर्जाचं पत्र लिहिताना "रिस्पेक्टेड सर" च्या पुढे काय हे समोर बसूनच सांगावं लागतं आणि ते पण दहा वेळा.

दुसरं, शनिवारी मी दुसऱ्या कॉलेजात चार तास घेते कारण पहिल्या कॉलेजात शनिवारी माझे तास नसतात. दोघांनीही शनिवार बंद केला तर माझा आठवडा बसतच नाही, सोमवार ते शुक्रवार दोन्हीकडे त्याच वेळेला बोलावतील. आमच्यासारखे सोलापुरात किती तरी आहेत.

तरीही खरं सांगू का? बुधवारचा जो विचार आहे, सिनियरच्या वर्गात बसायचा, तो मला आवडला. मागच्या वर्षी सिनियरच्या इंग्रजी विभागात एका प्राध्यापकांनी एक नाटक शिकवायला घेतलेलं, मी माझ्या बारावी आर्ट्सच्या पाच सहा मुलींना गुपचूप मागच्या बाकावर नेऊन बसवलं. दोघी झोपल्या, खोटं कशाला बोलू. पण एक जण तास संपल्यावर त्या सरांच्या मागे मागे स्टाफरूमपर्यंत गेली प्रश्न विचारत, आणि आता ती बीए इंग्रजीच करायचं म्हणते, घरचे डीएड म्हणतात तरी. हे सुट्टी देऊन होत नाही, कोणीतरी हात धरून त्या बिल्डिंगीत न्यावं लागतं.

सही_शिक्का

कॉलेजच्या ऑफिसात २६ वर्षं घालवली, आता रिटायर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून लिहितो.

कंपाउंड एक असलं तरी खाती दोन आहेत हे आधी समजून घ्या. सिनियर कॉलेज उच्च शिक्षण खात्याखाली, परीक्षा विद्यापीठाची, म्हणजे आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ (२००४ ला झालं, त्याच्या आधी आपण शिवाजी विद्यापीठात होतो, टीसी मायग्रेशनला कोल्हापूरला हेलपाटे मारलेत आम्ही). ज्युनियर मात्र शालेय शिक्षण खात्याखाली, वर शिक्षण उपसंचालक पुण्याला, परीक्षा बोर्डाची, ते पण पुणे विभाग. शिक्षकांच्या सेवाशर्ती वेगळ्या, ज्युनियरला १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली, सिनियरला यूजीसी. पगारबिलं वेगळी, रजेची पुस्तकं वेगळी, सुट्ट्यांची यादी सुद्धा वेगळी. दिवाळीत ज्युनियर बंद आणि सिनियर चालू हे दर दोन वर्षांनी ठरलेलं, शिपायांची नुसती भांडणं.

तेव्हा "सिनियरच्या प्राध्यापकाने ज्युनियरला शिकवलं" तर तो तास कोणाच्या कार्यभारात धरायचा? संचमान्यतेत (शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात) कुठं दाखवायचा? लॅबमध्ये ब्युरेट फुटली तर कोणाच्या डेडस्टॉकातून (सामानाच्या नोंदवहीतून) कमी करायची? ब्युरेट सरांना वाटतं किल्लीवाला आडमुठा आहे. तो आडमुठा नाही, ऑडिटला उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

आता पाच दिवसांचं. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून ऑफिसांना पाच दिवस केले तेव्हा शाळा कॉलेजं त्यातून वगळली होती. आणि ऑफिसांना पण फुकट नाही दिले, रोजची वेळ वाढवून पावणेदहा ते सव्वासहा केली. सिनियरचं यूजीसीच्या २०१८ च्या नियमात असं आहे की वर्षाला शिकवण्याचे १८० दिवस झाले पाहिजेत, सहा दिवसांचा आठवडा धरून ३० आठवडे, आणि पाच दिवसांचा आठवडा पाळायचा तर आठवडे त्या प्रमाणात वाढवा. म्हणजे ३६ आठवडे. मे महिन्यात ४३ डिग्रीला पत्र्याखाली तास घ्यायची तयारी आहे का कोणाची? शिक्षण हक्क कायद्यातले दिवस आणि तास (पाचवीपर्यंत २०० दिवस ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस १००० तास) हे आठवीपर्यंतच लागू, अकरावीला त्याचा संबंध नाही. पण अकरावी बारावीला हजेरी ७५ टक्के बोर्ड मागतंच. आणि २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्या वर्षी फेऱ्यांमध्येच ऑगस्ट उजाडला. आधीच दिवस कमी, त्यात शनिवार काढा.

कॉलेजने आपल्या मनाने ठरवून फळ्यावर लावलं असं होत नाही. संस्थेने ठराव करायचा, शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत उपसंचालकांकडे पाठवायचा, तिकडून पत्र यायला पाहिजे. मेळाव्यात ते पत्र दाखवा म्हणून विचारा, बघा काय म्हणतात.

एक मात्र आहे. सॅनहोजेवाले क्रेडिटचं म्हणाले ते आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. २०२३ ला केंद्राने नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क काढलं त्यात शाळेच्या वर्गांनाही वर्षाला ४० क्रेडिट धरलेत, १२०० तासांचे. क्रेडिट जमा करायला बँक पण आहे. कागद तयार आहे. पण अकरावीच्या पोराने एफवायचा एक पेपर दिला आणि तो पुढे धरला गेला असं मी तरी माझ्या टेबलावर कधी पाहिलं नाही.

अशोक_चौक_बॉइज

काका तुमी तर सगळ्याचीच हवा काढली की ओ 😅 म्हणजे शनिवारी कॉलेज पण नाही आणि बुधवारी सिनियर पण नाही, राहिला फक्त क्लास. मी तेच बोललो होतो ना.

पण मला एक सांगा, समजा खरंच अमेरिकेसारखं केलं, बारावीत एफवायचा एक पेपर द्यायला परवानगी दिली. सायन्सची पोरं देतील का? नाही देणार. त्यांचं डोकं नीट, जेईई आणि सीईटीत. आता तर सीईटीला सोडून कोण बारावीच्या मार्काला विचारालंय. देणार आर्ट्स कॉमर्सची पोरं, ज्यांना इथंच दयानंदला नाहीतर संगमेश्वरला पुढं बीए बीकॉम करायचंय. मग चालू पण तिथूनच करा की, सायन्सच्या पालकांच्या मेळाव्यात काय सांगालेत.

ब्युरेट_पिपेट

पोरगं मुद्द्याचं बोललं. मी पण तेच म्हणणार होतो, कॉमर्सपासून सुरू करा, तिथं लॅबचा घोळ नाही, पोरं त्याच आवारात पुढे बीकॉमला जातात, शिक्षकही बऱ्याच वेळा तेच. एक पेपर, आठवड्याला दोन दिवस, सिनियरच्या वर्गात, हजेरी तिथली. तेवढा वेळ ज्युनियरच्या वेळापत्रकातून वजा करायचा. शनिवारला हातच लावायचा नाही.

@सही_शिक्का साहेब, डेडस्टॉकचं पटलं. पण आमच्याकडे किल्लीवाला चहाला गेला की दीड तास येत नाही, त्याला कुठलं ऑडिट लागतं ते पण सांगा.

@तासिकावाली मॅडम, भाषेचे तास कमी करू नका असं मी आमच्या मीटिंगमध्ये बोलेन. आमची पोरं प्रॅक्टिकलचा निष्कर्ष दोन ओळीत लिहू शकत नाहीत, ना मराठीत ना इंग्रजीत.

सॅनहोजेचा_सोलापुरी

एक राहिलं. इथं त्या हायस्कूलमध्ये एक काउन्सेलर फक्त हेच बघायला असते की कुठल्या पोराने कॉलेजचा कुठला वर्ग घेतला, जातोय का, नापास व्हायच्या मार्गावर आहे का. कारण कॉलेजचा वर्ग नापास झाला तर ते त्याच्या रेकॉर्डला कायमचं लागतं, पुढे युनिव्हर्सिटीला अर्ज करताना दाखवावं लागतं. माझ्या पोराने पहिल्याच टर्मला एक गणिताचा वर्ग अर्ध्यात सोडला, मुदतीच्या आत सोडला म्हणून वाचला. ती बाई मागे लागली नसती तर त्याला मुदत पण माहिती नव्हती. तेव्हा कॉमर्सचा पेपर देऊ करणार असाल तर नापास झाल्यावर काय, हे आधी लिहून घ्या.

मंद्रूपची_आई

माझी मोठी कॉमर्सलाच आहे. असं काही निघालं तर ती बसेल, हुशार आहे, अकाउंटला ९० च्या वर असते. फक्त तो तास दुपारी एकच्या पुढे नको. सिनियर एकला चालू होतं म्हणता ना तुम्ही, मग गाडीचं काय?

जुळे_सोलापूरकर

ताई, हा मुद्दा मी लिहून घेतलाय. येत्या सोमवारी उपप्राचार्यांना भेटायला आम्ही चार पालक जाणार आहोत. तीन गोष्टी विचारणार, उपसंचालकांचं पत्र आलंय का, शनिवारी लायब्ररी मॅडमसहित उघडी राहील का, आणि सिनियरची लायब्ररी ज्युनियरच्या कार्डावर आत्ताच्या आत्ता चालू करता येईल का. शेवटच्याला तर कोणाची परवानगी लागू नये.

@सही_शिक्का काका, लागते का हो परवानगी?

सही_शिक्का

लायब्ररीला नाही लागत. प्राचार्यांची एक सही पुरे, दोन्हीकडचे प्राचार्य तेच. डिपॉझिट वेगळं घ्या म्हणावं आणि रजिस्टर वेगळं ठेवा. ग्रंथपाल पहिल्यांदा नाही म्हणेल, पुस्तकं हरवतात म्हणेल. तेव्हा लेखी अर्ज द्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.